जुन्या जीपचीं चाकें आणि तिची उंची

जुनी जीप घरांत असली कीं तिच्याविषयीं दोन प्रश्न हमखास निघतात : चाकें केवढीं घालावींत, आणि गाडीचें अंग जमिनीपासून आणखी किती वर उचलून घ्यावें. प्रश्न बहुधा धाकट्या पिढीकडून येतो, पैसे वडील पिढीच्या खिशांतून जावयाचे असतात, आणि गाडींत चढावयाचें असतें सर्वांनाच. म्हणून हा विषय केवळ हौशी तरुणांचा न मानतां सबंध घरानें समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें. त्यास यंत्रशास्त्राचें मोठें ज्ञान लागत नाहीं. शाळेंत शिकलेली भूमिति आणि त्रैराशिक एवढी शिदोरी पुरेशी आहे.

आम्ही ज्या गाडीविषयीं बोलत आहों ती वाचकांच्या परिचयाची आहे. १९४१ सालीं अमेरिकेंतील विलीज कंपनीनें सैन्यासाठीं जीप बनविण्यास आरंभ केला आणि युद्ध संपल्यावर तीच गाडी थोड्या फेरफारांसह शेतकऱ्यांसाठीं निघूं लागली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र हें नांव धारण करणाऱ्या कंपनीनें तिचे सुटे भाग मुंबईंत आणून जोडण्यास सुरुवात केली. पुढें ती येथेंच बनूं लागली. १९५३ सालीं निघालेला उंच नाकाचा 'सीजे-३बी' हा नमुना त्याच्या जन्मभूमींत बंद झाल्यावरही आपल्याकडे कित्येक दशकें निघत राहिला. त्यामागून डिझेल इंजिनाच्या, अधिक लांब अंगाच्या एमएम-५४० सारख्या गाड्या आल्या. या सर्वांचें एक घराणें आहे, आणि त्या घराण्याची खूण म्हणजे पुढील व मागील दोन्ही आंस अखंड, आणि दोहोंनाही बैलगाडीच्या धमनीची आठवण करून देणाऱ्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा. पुढील विवेचन याच घराण्यापुरतें आहे. अलीकडच्या, गुंडाळीच्या स्प्रिंगांच्या गाड्यांचा हिशेब निराळा.

बैलगाडीचा उल्लेख सहज आला, पण तो येथें उपयोगी आहे. आपल्याकडील जुन्या बैलगाडीचें चाक माणसाच्या कमरेच्याही वर येतें. तें तेवढें मोठें कां? बैलांना ओढावयास जड, सुतारास करावयास अवघड, तरीही पिढ्यान्‌पिढ्या तें मोठेंच राहिलें. कारण असें कीं, लहान चाक खड्ड्यांत पडतें, मोठें चाक खड्ड्यावरून जातें. आणि चाक मोठें असलें म्हणजे आंस जमिनीपासून उंच राहतो, म्हणून चाकोरीच्या मधला उंचवटा आंसाला लागत नाहीं. जीपच्या बाबतींत जो सगळा खल चालतो, त्याचें निम्मे उत्तर या चाकांत आहे.

आतां मुख्य भेद पाहूं, कारण तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. गाडीची उंची दोन प्रकारें वाढते. टायर मोठा घातला तर आंसासकट सगळी गाडी वर जाते. स्प्रिंग उंच केली तर आंस जेथें होता तेथेंच राहतो आणि त्यावरील सांगाडा तेवढा वर जातो. जीपच्या खालीं सर्वांत खालीं लोंबणारी वस्तु कोणती? आंसाच्या मध्याजवळील डिफरन्शियलचा गोळा. दगड प्रथम त्यालाच लागतो. म्हणजे दगडावरून गाडी सुखरूप पार व्हावी हा हेतु असेल, तर स्प्रिंगा उचलण्यावर केलेला खर्च त्या गोळ्याला केंसभरही वर नेत नाहीं. स्प्रिंग उचलण्याचा खरा उपयोग दोन ठिकाणीं : सांगाड्याचें पोट उंचवट्यावर टेकूं नये म्हणून, आणि मोठ्या टायरला मडगार्डाखालीं वर-खालीं होण्यास जागा मिळावी म्हणून. पैकीं छोट्या जीपच्या दोन आंसांमधील अंतर अवघें ८० इंच असल्यामुळें तिचें पोट सहसा टेकत नाहींच. तेव्हां राहतें दुसरें कारण. यावरून क्रम उघड होतो : आधीं टायर ठरवावा, आणि त्याला जेवढी जागा हवी तेवढीच गाडी उचलावी. प्रत्यक्षांत बहुतेक ठिकाणीं याच्या उलट घडतें. गाडी आधीं उचलली जाते, मग तिच्याखालीं चाकें केविलवाणीं दिसूं लागतात, म्हणून मोठीं चाकें येतात, मग तीं घासतात म्हणून गाडी आणखी उचलतात.

टायरवरील आंकडे कसे वाचावे हें थोडक्यांत सांगतों. जीपचें मूळचें माप ६.००-१६. यांत पहिला आंकडा टायरची रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास इंचांत. नवीन पद्धतींत २३५/७५ आर १५ असें लिहितात. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ७५, आंतील बांधणी रेडियल आणि रिम १५ इंची. भिंत वर एकदां व खालीं एकदां येते म्हणून तिची दुप्पट करून त्यांत रिमचा व्यास मिळविला कीं सबंध चाकाचा व्यास येतो. या उदाहरणांत तो सुमारे २९ इंच होतो. मूळच्या ६.००-१६ चा व्यास सुमारे साडेअठ्ठावीस. म्हणजे आधुनिक दिसणारा, चांगला रुंद असा हा टायर घालूनही उंचीत फरक पडतो तो पाव इंचाचा! घरांतील शाळकरी मुलाकडून हें गणित एकदां सोडवून घ्यावें. दुकानांतील वर्णनांपेक्षां तें अधिक भरंवशाचें आहे.

तरुणांची नजर असते ३१ इंची टायरवर. तो घातला तर व्यास अडीच इंचांनीं वाढतो, आणि आंस त्याच्या निम्मा, म्हणजे सव्वा इंच वर जातो. सव्वा इंच ऐकावयास लहान वाटतो. परंतु सह्याद्रींतल्या दगडगोट्यांच्या वाटेवर त्याची किंमत कळते, हें आम्ही नाकारीत नाहीं. प्रश्न त्याचें मोल काय पडतें हा आहे.

पहिलें मोल इंजिन देतें. चाक ३१ भागिले साडेअठ्ठावीस, म्हणजे सुमारे शेंकडा ९ नीं मोठें झालें. इंजिनाच्या बाजूनें पाहिलें तर प्रत्येक गिअर तितकाच जड झाला. सीजे-३बी च्या आंसांतील दांत्यांचें मूळ प्रमाण ५.३८ होतें, मोठ्या चाकानें तें जणूं ४.९५ झालें. त्या पेट्रोल इंजिनाची शक्ति जेमतेम ७२ अश्वांची, तीही नवें असतांना. अशा गाडीनें भरलेल्या माणसांनिशीं घाट चढावयाचा म्हटलें कीं पूर्वीं तिसऱ्या गिअरांत होणारें काम दुसऱ्यांत होऊं लागतें. डिझेल गाड्यांना हें थोडें कमी जाणवतें. वेगमापकही खोटें बोलूं लागतो : तो ताशी ४० दाखवितो तेव्हां गाडी साडेत्रेचाळीसनें जात असते.

दुसरें मोल ब्रेकचें, आणि तें आमच्या मतें सर्वांत मोठें आहे. चाक थांबविण्याचें काम ९ इंची ड्रमच्या आंत बसलेले जुन्या पद्धतीचे ब्रेक करतात. ड्रम तेवढाच राहिला आणि चाक मोठें झालें तर पायाच्या त्याच जोरानें रस्त्यावर मिळणारा रोध शेंकडा ८ नीं कमी होतो. शिवाय टायरचें वाढलेलें वजन फिरतें ठेवणारा आवेश थोपवावा लागतो तो वेगळाच. वरंधा घाट किंवा ताम्हिणी उतरतांना, मागें दोन्ही बाकांवर माणसें बसलेलीं असतांना, ड्रम तापून ब्रेक हलके पडूं लागतात. त्या क्षणीं हा शेंकडा ८ चा हिशेब कागदावर राहत नाहीं. म्हणून चाकें मोठीं करण्याच्या आधीं ब्रेकचे लायनर, सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या करून घ्याव्या, आणि शक्य असेल तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसविण्याचा विचार करावा. ज्या घरांत टायरांसाठीं पैसा आहे पण ब्रेकसाठीं नाहीं, त्या घरानें मूळच्या मापाचेच टायर घ्यावे हें आम्ही निःसंकोच सांगतों.

रुंदीविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुंद टायर चिखलांत चांगला, असें सरसकट म्हणतात. तें वाळूपुरतें खरें आहे. मऊ वाळूंत रुंद पाऊल रुतत नाहीं. परंतु कोंकणांत आणि मावळांत पावसाळ्यांत जो चिखल होतो त्याखालीं चार-सहा इंचांवर बहुधा जांभा किंवा मुरूम असतो. तेथें अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थरावर पाय टेकतो, आणि रुंद टायर वरच्यावर घसरत राहतो. लष्करानें जीपला अरुंद आणि आडव्या जाड पट्ट्यांचा टायर दिला होता तो कांहीं काटकसरीसाठीं नव्हे. देशावरची काळी माती मात्र कोणालाच दाद देत नाहीं. ती गाऱ्यासारखी नक्षींत लिंपून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. तेथें नक्षीच्या खांचा मोठ्या असणें हें रुंदीपेक्षां महत्त्वाचें, आणि पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबणें हें दोहोंपेक्षांही महत्त्वाचें.

पकड वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय टायरच्या दुकानांत मिळत नाहीं. तो म्हणजे हवा कमी करणें. समजा एका चाकावर सव्वातीनशें किलो, म्हणजे सुमारे ७१५ पौंड भार आहे आणि हवेचा दाब चौरस इंचास ३० पौंड आहे. तर चाकाचें जमिनीवरील पाऊल ढोबळ मानानें २४ चौरस इंच पडतें. दाब १५ वर आणला तर तेंच पाऊल ४८ चौरस इंच होतें. एक पै खर्च न करतां टायर दुप्पट झाला! पण दोन पथ्यें आहेत. ट्यूब असलेल्या टायरांत दाब फार उतरला कीं टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. म्हणून तेथें हात आंवरता ठेवावा. आणि डांबरी रस्त्यावर येतांच पंपानें हवा पूर्ववत भरावी, नाहीं तर टायर तापून फुटतो. (वाळूची गोष्ट निघाली म्हणून सांगतों : वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवें अंडीं घालतात. पुळणीवर जीप नेण्याची हौस घरच्या मुलांनीं करूं नये.)

रिमकडेही लक्ष असावें. मूळची रिम साडेचार इंच रुंद आहे. तिच्यावर साडेदहा इंची टायर चढविला तर तो फुग्यासारखा मध्येंच फुगतो आणि वळणावर लोळतो. त्यास सात इंच किंवा अधिक रुंद रिम लागते. ती आली कीं चाक बाहेर सरकतें आणि बेअरिंगांवरील ताण वाढतो. पुढील चाक पूर्ण वळविलें असतां रुंद टायर स्प्रिंगेलाच घासतो, म्हणून वळण आवरावें लागतें. अरुंद गल्लींत वाडा असलेल्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

टायर किती घ्यावे? पांच. चार घेऊन जुनाच पांचवा मागें टांगण्याची काटकसर या गाडींत घातक आहे. चारही चाकांना शक्ति दिली असतां पुढील व मागील आंस एकमेकांशीं घट्ट जोडले जातात. मध्यें फरक सोसणारें कांहीं नसतें. एक चाक व्यासानें निराळें असलें तर तो फरक दांत्यांना आणि सांध्यांना सोसावा लागतो. त्याच कारणानें पुढें एका मापाचे व मागें दुसऱ्या मापाचे टायर घालणें सर्वथा वर्ज्य. खरेदी करतांना टायरच्या भिंतीवरील चार आंकडी खूण पाहावी : २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील माल. आमच्या पाहण्यांत अशी एक गाडी आहे कीं तिच्या टायरांची नक्षी नव्यासारखी आहे, कारण ती वर्षांतून दोनदां, कुलदैवताच्या दर्शनापुरती बाहेर निघते. पण भिंतींना भेगा पडल्या आहेत. रबर न चालवितांही म्हातारें होतें.

आतां स्प्रिंगांकडे वळूं. गाडी किती उचलावी हें विचारण्यापूर्वीं ती किती बसली आहे हें पाहिलें पाहिजे. तीस-चाळीस वर्षांच्या पाट्यांची कमान सपाट झालेली असते, आणि गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हांपेक्षां एक-दोन इंच खालीं आलेली असते. तेव्हां पुष्कळांना जी उंची 'वाढवून' हवी असते ती वस्तुतः गमावलेली असते. नवे पाटे, नव्या बुशा आणि नवे शॅकल घातले कीं ती परत मिळते, आणि तिच्याबरोबर मूळची चालही परत मिळते. जुनेच पाटे ठोकून त्यांना पुन्हां कमान देणारे कारागीर आहेत. पण पोलादास योग्य पाणी दिलें नाहीं तर ती कमान फार दिवस टिकत नाहीं. नव्या पाट्यांचा खर्च अधिक वाटला तरी तोच करावा.

त्याहून वर जाण्याचे तीन मार्ग प्रचारांत आहेत. एक, लांब शॅकल लावणें. हा स्वस्त आणि फसवा. दोन इंच लांब शॅकलनें गाडी एकच इंच वर जाते, आणि स्प्रिंगेचें एकच टोंक सरकल्यामुळें पुढील आंस किंचित फिरतो. त्यानें वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याचा गुण कमी होतो व गाडी रस्त्यावर भटकूं लागते. दुसरा, अधिक कमानीच्या स्प्रिंगा घालणें. हा सरळ मार्ग आहे आणि दीड ते अडीच इंचांपर्यंत तो शोभतो. तिसरा मार्ग साहसी लोकांचा : मूळ जीपमध्यें स्प्रिंग आंसाच्या खालून जाते, ती आंसाच्या वर घेणें. यानें गाडी एकदम पांच इंचांच्या आसपास उचलली जाते. परंतु इंजिन जोर लावतें तेव्हां आंस पिळवटून पाटे इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वांकतात, स्टिअरिंगचे दांडे तिरपे होतात, खड्ड्यांत चाक आपटतांच स्टिअरिंग हातांत हिसका देतें. ज्या गाडींत वृद्ध माणसें आणि लेंकरें बसणार आहेत तिच्यासाठीं हा मार्ग आम्ही विचारांतही घेत नाहीं.

छोट्या जीपला आणखी एक अडचण तिच्या आंखूडपणाची. इंजिनाची शक्ति मागील आंसाकडे नेणारा दांडा तिच्यांत फारच तोकडा आहे. त्याची लांबी वीस इंच धरली तर गाडी दोन इंच उचलल्यानें त्याचा कोन जवळजवळ सहा अंशांनीं वाढतो, आणि दोन्ही टोंकांचे क्रॉस थरथरूं लागतात व लवकर झिजतात. लांब गाडींत हाच फेर अर्ध्या दुःखांत पचतो. ब्रेकच्या रबरी नळ्याही आंस खालीं लोंबतो तेव्हां ताणल्या जातात. गाडी जॅकनें उचलून, चाक लोंबतें सोडून, नळींत अजून ढील आहे हें डोळ्यांनीं पाहावें.

गाडी उलटण्याचा प्रश्न घरच्या बायकामाणसांच्या मनांत असतोच, आणि तो योग्य आहे. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर सुमारे ४९ इंच. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २६ इंचांवर आहे असें धरलें, तर सुमारे ४३ अंश कलल्यावर ती उलटेल. ३१ इंची टायर आणि अडीच इंची स्प्रिंग घातली कीं गुरुत्वमध्य सुमारे तीन इंच चढतो व तो कोन ४० वर येतो. कोणी म्हणेल, तीन अंशांनीं काय होतें? हे आंकडे लाकडी खेळण्याचे आहेत. खऱ्या गाडींत वळणावर बाहेरची स्प्रिंग दबते, टायर चेपतो, मागच्या बाकांवरील माणसें गुरुत्वमध्याहून वर बसलेलीं असतात आणि सर्वजण एकाच बाजूस झुकतात. टपावर सामान असलें तर विचारूंच नये. या सर्वांनीं मूळची शिल्लक बरीचशी खर्च झालेली असते, आणि आपण कमी करतों तें त्या उरलेल्यांतून. चाकें थोडीं बाहेर घेतल्यानें कांहीं भरपाई होते, हें खरें. पण टपावरचें सामान खालीं घेणें त्याहून सोपें.

कायद्याचा मुद्दा थोडक्यांत. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ नें गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत हेंच अधिक स्पष्ट केलें, आणि त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें परवानगीविना असा फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, तेव्हां जुनी जीप निरीक्षकाच्या नजरेसमोर येणारच. अपघात झाल्यास विमा कंपनीही टायरचें माप पाहते. म्हणून कारखान्यानें आपल्या नमुन्यास जीं मापें दिलीं आहेत त्यांच्या आंत राहणें, आणि पुढें जावयाचें असेल तर परिवहन कार्यालयांत आधीं लेखी विचारणें, हें बरें.

घरोघरीं चालणाऱ्या वादांत एक माप कधींच काढलें जात नाहीं : पायरीचें. सव्वा इंच टायरमुळें आणि अडीच इंच स्प्रिंगेमुळें, मिळून गाडीची फळी पावणेचार इंच वर जाते. तरुणांस हें जाणवतही नाहीं. गुडघे दुखत असलेल्या आजींना किंवा नऊवारींतल्या काकूंना मात्र तेवढ्यानें गाडी परकी होते, आणि त्या 'तुम्हीच जाऊन या' म्हणूं लागतात. ज्या गाडींतून सगळें घर आंब्याच्या दिवसांत कोंकणांत उतरत असे, ती अशा रीतीनें दोघांची होऊन बसते. कोणीं कोणाला 'येऊं नका' म्हटलेलें नसतें. फेर करावयाचाच असेल तर दोन्ही बाजूंस घडीची पायरी आणि आंत धरावयास भक्कम दांडी याच बिलांत धरावी.

तर आमची निवड विचाराल तर ती अशी : छोट्या जीपला मूळचेंच ६.००-१६ माप, मोठ्या खांचांच्या नक्षीचें. किंवा रस्त्यावरचा वापर अधिक असेल तर २३५/७५ आर १५, योग्य रिमेसह. स्प्रिंगा नव्या, मूळच्या कमानीच्या. लांब डिझेल गाडी, ब्रेक सुधारलेले, शेत खरोखरच दगडांच्या वाटेवर आणि कागदपत्रें ठीक असतील, तर ३० इंचांपर्यंतचा टायर आणि दीड इंच उंची. छोट्या गाडींत ३१ इंची टायर आम्हांस पटत नाहीं.

काम झाल्यावर पहिल्या तीनचारशें किलोमीटरांनंतर स्प्रिंगांचे यू-बोल्ट व चाकांचे नट पुन्हां आंवळून घ्यावे, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतांना ढिले पडतात. टायर मागविण्यापूर्वीं मडगार्ड आणि चाक यांतील अंतर मोजावें, तें चाकें सरळ असतांना एकदां आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून दोनदां. आणि मोजतांना गाडींत घरचीं सगळीं माणसें बसलेलीं असावींत. रिकाम्या गाडीचीं मापें घेऊन आणलेला टायर पहिल्याच फेरींत मडगार्डास घासूं लागतो.